गृहकर्ज मुदतीआधी फेडण्याचा प्रकल्प : नोंदी, एप्रिल २०२३ ते जानेवारी २०२६

९ एप्रिल २०२३

बँकेचे पत्र आले आहे. आमच्या गृहकर्जाचा व्याजदर १ एप्रिलपासून ९.४० टक्के झाला असून मासिक हप्ता तूर्त तोच ठेवून परतफेडीची मुदत वाढवण्यात येत आहे, आणि कमाल मुदतीतही कर्ज बसले नाही तर हप्ता सुधारण्यात येईल, असे त्यात म्हटले आहे. नवी मुदत नेमकी किती, हे मात्र पत्रात कोठेही लिहिलेले नाही. म्हणून आज सबंध रविवार संगणकावर हिशेबाचा तक्ता मांडण्यात घालवला, आणि तो तक्ता हाच या प्रकल्पाचा आरंभ समजावा.

मूळ स्थिती अशी. पुण्यात वारजे येथील सदनिका आम्ही डिसेंबर २०२० मध्ये घेतली. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट होती आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर होता, त्यामुळे तो काळ घर घेण्यास अनुकूल वाटत होता. कर्ज ४० लाख रुपये, मुदत २० वर्षे, व्याजदर रेपो अधिक २.९० म्हणजे ६.९० टक्के, आणि हप्ता ३०,७७२ रुपये. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. आमचे कर्ज रेपोशी जोडलेले असल्याने दर तिमाहीच्या आरंभी ही वाढ आमच्याही खात्यात उतरत गेली, पण हप्त्याचा आकडा बदलला नसल्यामुळे घरात तिची चाहूल लागली नाही.

मार्चअखेर २७ हप्ते भरून झाले. त्यांची बेरीज ८,३०,८४४ रुपये होते आणि मुद्दल कमी झाले आहे ते १,७७,०१८ रुपयांनी. एप्रिलच्या हप्त्यातील २९,९४७ रुपये व्याजाचे आणि ८२५ रुपये मुद्दलाचे आहेत. याच गतीने ३८,२२,९८२ रुपये फेडायचे तर आणखी ४६४ हप्ते लागतात, म्हणजे साडेअडतीस वर्षांहून अधिक. पतीचे वय आज ४३ आहे. शेवटच्या हप्त्याच्या वेळी ते ८१ वर्षांचे असतील. तेवढी मुदत कोणतीही बँक देणार नाही, त्यामुळे हप्ता आज ना उद्या वाढणारच आहे. तो आपण आपल्या सोयीने वाढवावा की बँकेने तिच्या सोयीने वाढवण्याची वाट पाहावी, एवढाच प्रश्न उरतो.

२३ एप्रिल २०२३

घरखर्चाच्या वहीतून गेल्या आर्थिक वर्षाचे आकडे काढले. दोघांचे मिळून हातात १,१२,००० रुपये येतात. त्यांतून कर्जाचा हप्ता ३०,७७२ रुपये वजा जाता किराणा, भाजी, दुधाचा रतीब, वीज, पाइपचा गॅस, सोसायटीची देखभाल वर्गणी, कामाच्या मावशींचा पगार, सासूबाईंची औषधे, पेट्रोल आणि शाळेचे व्हॅनवाले काका धरून दरमहा सरासरी ५२,००० रुपये लागतात. या हिशेबाने महिन्याला २९,००० रुपये शिल्लक पडायला हवेत. प्रत्यक्षात ते कोठेच दिसत नाहीत, आणि याचे कारण उधळपट्टी हे नाही.

कारण असे की आमच्या घराचे कितीतरी खर्च महिन्याचे नसून वर्षाचे आहेत. शाळेची फी ६८,०००, आरोग्य विमा २७,०००, आयुर्विम्याचे हप्ते ३१,०००, महापालिकेचा मिळकत कर ११,०००, वर्षाची बेगमी १६,५००, दोन्ही वाहनांचा विमा आणि देखभाल १४,०००, गणपती आणि दिवाळी ३०,०००, लग्नकार्यातील आहेर आणि देणीघेणी २०,०००, गावाकडच्या फेऱ्या १२,०००. बेरीज २,२९,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १९,१२५ रुपये. हा खर्च अचानक आल्यासारखा वाटतो, पण त्यांतील एकही बाब अनपेक्षित नाही. शाळा जूनमध्येच उघडते आणि गणपती दर वर्षी येतातच.

म्हणजे खऱ्या अर्थाने मोकळी रक्कम महिन्याला १०,१०३ रुपये इतकीच आहे. कर्जफेडीची योजना या आकड्यावर आखायची आहे, २९,००० वर नव्हे. ज्या परिचितांनी उत्साहाने मोठी रक्कम कर्जात भरली आणि जूनमध्ये फीसाठी क्रेडिट कार्ड वापरले, त्यांच्या योजनेत नेमकी हीच १९ हजारांची ओळ राहून गेली होती, असे माझे मत आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३६ ते ४० टक्के व्याज पडते, ९.४० टक्क्यांचे कर्ज लवकर फेडण्यासाठी ते अंगावर घेणे हा कोणत्याही गणितात न बसणारा व्यवहार आहे.

ठरले ते असे : वार्षिक खर्चासाठी वेगळे बचत खाते उघडायचे आणि दर महिन्याच्या २ तारखेला त्यात १९,१२५ रुपये आपोआप वर्ग व्हावेत, अशी सूचना बँकेला द्यायची. त्या खात्याला घरात ‘वर्षखाते’ हे नाव पडले आहे.

१४ मे २०२३

वर्षखात्यावर पहिलाच भार बेगमीचा आला. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार विभागातून दीड क्विंटल लोकवन गहू, एक क्विंटल इंद्रायणी तांदूळ आणि अर्धा क्विंटल ज्वारी आणली. मिरची आणि हळकुंडे सासूबाईंनी निवडून घेतली. आज दिवसभर गच्चीवर गहू वाळवून, निवडून आणि एरंडेल चोळून कोठ्यांत भरण्याचे काम चालू आहे. पतीचे म्हणणे असे पडले की कर्जावर साडेनऊ टक्के व्याज चालू असताना १६,५०० रुपये धान्यात अडकवण्यापेक्षा दर महिन्याला पाच-दहा किलोच्या पिशव्या आणाव्यात. मी दोन्हींचे भाव मांडून पाहिले. किरकोळ दुकानात पिशवीबंद पिठाचा आणि तांदळाचा भाव या भावापेक्षा इतका अधिक आहे की अडकलेल्या रकमेचे व्याज धरूनही बेगमीच स्वस्त पडते. हिशेब पाहिल्यावर पतीने “मग राहू दे” म्हटले आणि कोठीला हात लावला. बेगमी चालू राहील.

एप्रिल आणि मे हे आमच्या घराचे सर्वांत जड महिने आहेत. महावितरणचे अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे देयकही याच सुमारास येते, आणि मिळकत कर ठरलेल्या मुदतीत भरल्यास मिळणारी सवलत सोडण्यात अर्थ नसतो. त्यामुळे या दोन महिन्यांत कर्जात एक रुपयाही जादा भरायचा नाही, असा नियम लिहून ठेवते.

१२ जून २०२३

अर्ध्या दिवसाची रजा काढून बँकेत गेलो. हप्ता वाढवून घेण्याचा लेखी अर्ज दिला. अर्जापूर्वी तीन आकडे तपासले होते. सध्याचा हप्ता ठेवला तर जुलैपासून ४६१ हप्ते. मूळ मुदत, म्हणजे डिसेंबर २०४०, गाठायची तर हप्ता ३७,१०० रुपयांच्या थोडा वर. आणि हप्ता ३७,५०० केला तर २०५ हप्ते. महिन्याला ६,७२८ रुपये अधिक भरल्याने २५६ हप्ते कमी होतात, हे वाचताना कोणालाही आकडा चुकला असे वाटेल, पण तो चुकलेला नाही. हप्ता व्याजाच्या अगदी कडेला टेकलेला असताना मुद्दलाकडे जाणारी रक्कम ८०० वरून साडेसात हजारांवर जाते, म्हणजे नऊपट होते, आणि सगळा परिणाम तिथून येतो.

खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी “मॅडम, हप्ता वाढवण्यापेक्षा जमेल तेव्हा पार्ट पेमेंट करा, लोक तसेच करतात” असा सल्ला दिला. तो सद्भावनेचा असला तरी मला पटला नाही. जमेल तेव्हा भरायची रक्कम घरात कधीच जमत नाही. हप्ता मात्र ५ तारखेला कोणालाही न विचारता जातो. अर्ज स्वीकारल्याची पोच शिक्क्यासह घेतली. बदलत्या व्याजदराच्या व्यक्तिगत गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारता येत नाही, याचीही खात्री करून घेतली. अंशतः परतफेड किमान २५,००० रुपयांची असावी, असा या बँकेचा नियम आहे.

१६ जुलै २०२३

३७,५०० रुपयांचा पहिला हप्ता गेला. त्यातील २९,९२७ व्याज, ७,५७३ मुद्दल.

टोमॅटो शंभरीच्या पुढे गेले आहेत, तूरडाळही चढलीच आहे. आमटीत चिंच-गूळ, भाजीत आमसूल, आणि कोशिंबिरीला काकडी. महिन्याच्या ५२,००० च्या मर्यादेत हा महिना जेमतेम बसला.

२० ऑगस्ट २०२३

रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्टला एक परिपत्रक काढले आहे. व्याजदर बदलताना बँकेने कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे यांतील पर्याय द्यावा. स्थिर दराकडे जाण्याची मुभा आपल्या धोरणानुसार द्यावी. कर्ज अंशतः वा पूर्ण फेडण्याची मोकळीक कधीही असावी. आणि आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक व्याजदर यांचे विवरण दर तिमाहीला द्यावे, असे त्यात सांगितले आहे. मुदत इतकी वाढवू नये की हप्त्यातून महिन्याचे व्याजही भरून निघणार नाही, हेही त्यात आहे. आमचे कर्ज या कडेपासून अवघ्या ८२५ रुपयांवर उभे होते, हे लक्षात घेता परिपत्रकाची निकड समजते. वर्षअखेरपर्यंत बँकांनी याची अंमलबजावणी करायची आहे. तिमाही विवरण मिळू लागले की माझा तक्ता त्याच्याशी ताडून पाहता येईल.

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळी झाली. पतीच्या कंपनीच्या बोनसपैकी ७५,००० रुपये शुक्रवारी कर्जात भरले. अर्जावर ‘हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी’ ही ओळ स्वतःच्या हाताने लिहिली, कारण छापील नमुन्यात त्यासाठी रकाना असला तरी तो मोकळा सोडल्यास काय गृहीत धरले जाते, हे प्रत्येक बँकेत वेगळे असते. मुदतीऐवजी हप्ता कमी झाला तर भरलेल्या रकमेचा बराचसा लाभ दर महिन्याच्या घरखर्चात विरघळून जातो.

परिणाम : शिल्लक कर्ज ३७,८२,०२५ वरून ३७,०७,०२५. उरलेले हप्ते २०० वरून १९१. म्हणजे आजचे ७५,००० रुपये पुढील नऊ हप्ते, सुमारे साडेतीन लाख रुपये, वाचवतात. हा आकडा ऐकून घरात सगळे आनंदले, पण त्यावर मला एक टीप जोडावीशी वाटते. ते साडेतीन लाख सोळा वर्षांनंतरचे आहेत, आणि सोळा वर्षांनंतरच्या रुपयाची आजच्या रुपयाशी थेट तुलना करता येत नाही. खरा लाभ इतकाच की या ७५,००० वर आपल्याला वर्षाला ९.४० टक्के, चक्रवाढीने, जोखमीविना आणि करमुक्त मिळत आहेत. तो लाभ पुरेसा मोठा आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही.

७ जानेवारी २०२४

पतीने मुदत ठेवीचा प्रश्न काढला. आमची २,४०,००० रुपयांची ठेव सुमारे ७ टक्क्यांनी आहे, तिच्या व्याजावर कर बसतो, आणि दुसरीकडे आपण ९.४० टक्के भरतो. मग ठेव मोडून कर्जात का भरू नये? व्याजदरांच्या हिशेबाने त्याचे म्हणणे बिनतोड आहे. माझी हरकत वेगळी आहे. कर्जात भरलेला रुपया परत काढता येत नाही. पुन्हा हवा असेल तर टॉप-अप कर्जाचा अर्ज, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रक्रिया शुल्क आणि प्रतीक्षा या सगळ्यांतून जावे लागते. काही बँकांचे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज असते, ज्यात जादा भरलेली रक्कम गरजेला काढता येते आणि तोवर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. आमचे कर्ज तसे नाही. दोन महिने एक पगार आला नाही, तर ३७ लाखांच्या जागी साडेचौतीस लाख कर्ज आहे म्हणून कोणी हप्ता माफ करणार नाही. ठेव तशीच राहील.

चर्चेत कराचा मुद्दाही आला. “व्याजावर कर वाचतो, मग कर्ज लवकर फेडायचे कशाला?” हे वाक्य कचेरीत सर्रास ऐकू येते. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जव्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतच वजावट मिळते. आमचे वार्षिक व्याज साडेतीन लाखांच्या आसपास असून हप्ता पतीच्या खात्यातून जातो आणि वजावटही त्याच्याच नावे घेतली जाते. २ लाखांवरच्या दीड लाखावर वजावट मिळतच नाही. मुदतपूर्व परतफेडीने जे व्याज वाचते ते या वरच्या दीड लाखातले आहे, त्यामुळे वजावटीला धक्का न लागता पूर्ण ९.४० टक्के वाचतात. व्याज २ लाखांच्या खाली येईल तेव्हा हा हिशेब बदलेल. तो दिवस अजून दूर आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे खाते ७.१ टक्क्यांवर आहे, त्यात सध्या किमान रक्कमच भरायची.

२३ मार्च २०२४

गेले काही महिने एक गोष्ट खुपत होती. त्याच बँकेत आज येणाऱ्या नव्या कर्जदाराला रेपोवर आमच्यापेक्षा कमी टक्के लावले जातात. रेपो सगळ्यांना सारखा; फरक त्यावरच्या अधिभाराचा. तो कमी करून मागता येतो, मात्र त्यासाठी शुल्क पडते आणि आपणहून मागावे लागते. अर्ज केला, कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवण्याचा विचार असल्याचेही सौम्य शब्दांत नमूद केले, आणि करासह ५,९०० रुपये शुल्क भरून अधिभार २.९० वरून २.४० झाला. १ एप्रिलपासून दर ८.९० टक्के.

५,९०० रुपयांचा हा खर्च संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत फायद्याचा ठरेल, असे दिसते. दरमहा व्याजात सुमारे १,५३० रुपयांची घट, म्हणजे शुल्क चार महिन्यांत वसूल. आणि हप्ता तोच ठेवल्यास १८७ चे १७६ हप्ते. ७५,००० रुपये भरून नऊ हप्ते कमी झाले होते, इथे एका अर्जाने अकरा झाले. कर्ज दुसरीकडे नेण्याचा पर्याय तपासला होता, पण नव्याने कायदेशीर पडताळणी, मूल्यांकन, प्रक्रिया शुल्क आणि गहाणाच्या नोंदणीचा खर्च धरता फरक उरत नव्हता.

जानेवारी ते मार्च पगारातून कर अधिक कापला जातो, त्यामुळे या तिमाहीत अंशतः परतफेड नाही.

१६ जून २०२४

मोकळ्या १०,१०३ रुपयांतून हप्त्यातील ६,७२८ ची वाढ वजा जाता दरमहा ३,३७५ रुपये उरतात. बाराही महिने बाजूला ठेवलेल्या या रकमेतून ४०,००० भरले. चार हप्ते कमी झाले. शाळेची फी वर्षखात्यातून गेली आणि जून महिन्यात प्रथमच पगाराच्या खात्याला हात लागला नाही. हे मला त्या चार हप्त्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

१ सप्टेंबर २०२४

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. आरोग्य विम्याने मोठा भाग दिला, तरी विम्यात न बसणाऱ्या वस्तू, घरी लावलेल्या मदतनीस बाई, व्यायामोपचार आणि भाड्याने घेतलेला पलंग धरून १,१०,००० रुपये आमच्याकडून गेले. मुदत ठेव मोडली. रुग्णालयात अनामत रक्कम भरायची वेळ रात्री साडेदहाची होती. ठेव ऑनलाइन मोडून पैसे तासाभरात भरता आले.

३७,५०० चा हप्ता मात्र चालू ठेवला आहे. बँकेत अर्ज करून तो खाली आणता येईल का, हे पती विचारत होता. येईल, पण ठेवीत १,३०,००० शिल्लक आहेत आणि दोन्ही पगार चालू आहेत, तोवर त्याची गरज नाही.

१० नोव्हेंबर २०२४

या वर्षीचा बोनस कर्जात नाही, सगळा ठेवीत. मोडलेली ठेव पूर्वपदावर येईपर्यंत अंशतः परतफेड थांबलेली राहील. सासूबाई काठी घेऊन चालू लागल्या आहेत आणि त्यांनी चकलीच्या भाजणीत धने कमी पडल्याचे सांगितले.

९ फेब्रुवारी २०२५

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारीला रेपो ६.५० वरून ६.२५ टक्के केला. मे २०२० नंतरची ही पहिली कपात. आमच्या खात्यात ती १ एप्रिलला उतरेल.

याहून मोठा बदल १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य, आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. पतीचे वार्षिक वेतन या मर्यादेत बसते. जुन्या प्रणालीत गृहकर्जासह सगळ्या वजावटी घेऊनही त्याचा कर सुमारे ६७,००० रुपये होत होता. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या कर्जव्याजाची वजावट नाही, आणि आम्हाला आता ती लागतही नाही. एप्रिलपासून हातात दरमहा साडेपाच हजारांच्या आसपास जास्त येतील. कर्ज राखून कर वाचवण्याचा जो युक्तिवाद वर्षानुवर्षे ऐकला, त्याला आमच्यापुरता आता काहीही आधार उरलेला नाही.

ही वाढीव रक्कम घरखर्चात मिसळण्याआधीच तिची वाट ठरवली : एप्रिलपासून ती परस्पर आवर्ती ठेवीत जाईल.

६ जुलै २०२५

एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये ५.५० असा रेपो उतरत गेला. १ जुलैपासून आमचा दर ७.९० टक्के. बँकेचा संदेश आला की आपला सुधारित हप्ता ३६,००१ रुपये राहील. दर वाढताना हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते आणि दर उतरताना मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला जातो. दोन्ही वेळा कर्जदाराला तात्पुरते बरे वाटते आणि दोन्ही वेळा कर्ज अधिक काळ चालते. २०२३ च्या परिपत्रकाचा हवाला देऊन हप्ता ३७,५०० च ठेवण्याचा अर्ज दिला आणि तो मान्य झाला. १५३ ऐवजी १४३ हप्ते. महिन्याला १,४९९ रुपयांची ही सवलत नाकारणे जड गेले नाही, कारण त्या रकमेची घराला गेली दोन वर्षे सवय नाही.

या महिन्याच्या हप्त्यात व्याज २२,८०९ आणि मुद्दल १४,६९१.

२ नोव्हेंबर २०२५

दिवाळीनंतर १,००,००० रुपये भरले. त्यात आवर्ती ठेवीतील सात महिन्यांचे ३८,५०० आणि उरलेले बोनसमधून. मुदत ठेव उन्हाळ्यातच पूर्ववत झाली होती. कर्ज आता ३३,०५,३६९.

या वेळी सहा ते सात हप्ते कमी झाले. २०२३ मध्ये ७५,००० नी नऊ कमी झाले होते, म्हणून पतीला हा परिणाम कमी वाटला. त्याचे कारण सरळ आहे. तेव्हा दर ९.४० होता आणि शेवटचा हप्ता सोळा वर्षांहून अधिक दूर होता; आता दर ७.९० आहे आणि शेवट अकरा-बारा वर्षांवर आला आहे. दर खाली आणि मुदत थोडकी असली की प्रत्येक जादा रुपयाचे काम घटत जाते. म्हणजे पुढे केव्हातरी अशी वेळ येईल की जादा रक्कम कर्जात न भरता मुलीच्या उच्च शिक्षणासाठी बाजूला ठेवणे अधिक योग्य ठरेल. ती पुढच्या जूनमध्ये आठवीत जाईल.

७ डिसेंबर २०२५

५ तारखेला रेपो ५.२५ झाला.

सोसायटीतील एका शेजाऱ्यांचे कर्ज पूर्ण फिटले. त्यांच्याबरोबर बसून नंतरच्या कामांची यादी उतरवून घेतली, कारण शेवटचा हप्ता भरला की संपले, असे नसते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ दस्तऐवज परत करणे आणि कोणत्याही नोंदवहीतील बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. विलंब बँकेकडून झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. त्याखेरीज ना-देय दाखला घेणे, केंद्रीय गहाण नोंदणीतील, म्हणजे सरसाईतील बोजा उतरल्याचे तपासणे, दुय्यम निबंधक कार्यालयात गहाणाची सूचना दाखल झालेली असल्यास त्याबाबतची पुढील नोंद करून घेणे, आणि सोसायटीच्या दप्तरातील बँकेचा बोजा काढून घेणे ही कामे आपणच मागे लागून करावी लागतात. शेजाऱ्यांच्या फायलीत मूळ खरेदीखताची सूची क्रमांक दोनची प्रत बँकेच्या यादीत नव्हतीच. त्यांनी पाच वर्षांपूर्वी घेतलेली पोच दाखवल्यावर ती सापडली.

आम्ही कर्ज घेताना बँकेत ठेवलेल्या दस्तऐवजांची सहीशिक्क्याची यादी आज कपाटातून काढून तिची छायाप्रत या नोंदवहीला जोडली.

११ जानेवारी २०२६

१ जानेवारीपासून दर ७.६५ टक्के. बँकेने पुन्हा हप्ता कमी करण्याचा संदेश पाठवला, पुन्हा तोच अर्ज दिला. जानेवारीच्या हप्त्यात व्याज २०,८७०, मुद्दल १६,६३०. या हप्त्यासह १२८ हप्ते उरतात. मूळ करारानुसार ते १८० असते. शिल्लक ३२,५७,१५६ रुपये.

वर्षखात्याचा आकडा नव्याने बसवला. शाळेची फी वाढली आहे, सासूबाईंच्या व्यायामोपचारांची भर पडली आहे. उलट व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाल्याने नूतनीकरणाचा हप्ता अपेक्षेपेक्षा कमी आला. एकंदरीत महिन्याला १९,१२५ ऐवजी २२,५०० रुपये वर्ग करावे लागतील. हा आकडा आधी ठरवला आणि त्यानंतरच उरलेल्या रकमेकडे पाहिले.

एप्रिलपासून हप्ता ४०,००० करण्याचा अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा. तसे झाल्यास एप्रिलपासून १२५ ऐवजी ११४ हप्ते, म्हणजे शेवट सप्टेंबर २०३५. पतीचे म्हणणे ४२,००० करावा असे आहे. वेतनवाढीचे पत्र हातात आल्यावर त्यावर निर्णय घेऊ. पुढील नोंद अर्जाची पोच मिळाल्यानंतर.